अर्ध्या भाताची गोष्ट

मे महिन्यातली रात्र. सुट्टीला आलेली नातवंडं धरून घरात सात माणसं आणि गॅसवर टोपभर भात. तांदूळ नुकते फुगायला लागले होते. तेवढ्यात शेगडीची निळी ज्योत दोनदा फुरफुरली आणि विझली. सिलिंडर संपला होता, आणि दुसरा रिकामाच कोपऱ्यात उभा होता, कारण तो भरून आणायचं मी चार दिवस विसरत होतो.

आजी मला एक शब्द बोलली नाही. तिनं फडक्यानं टोप उचलला, मागच्या पडवीत गेली, चुलीत नारळाची चार सोडणं आणि वाळलेलं चुडत सारलं नि फुंकणी हातात घेतली. पोरंही मागोमाग चुलीपाशी येऊन बसली. धाकटीनं टोपात डोकावून एक शीत चिमटीत धरलं. वरून मऊ, आत कडक.

"आजोबा, गॅस परदेशातून येतो म्हणे. मग आपण आपलाच जमिनीतून का काढत नाही?" थोरल्यानं विचारलं.

प्रश्न सरळ होता. आपण वापरतो त्या शंभर लिटर खनिज तेलातलं पंच्याऐंशी लिटरहून जास्त बाहेरून येतं, स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून अधिक बाहेरचाच. मी म्हटलं, "बसा. भात व्हायला वेळ आहे. तेलाची गोष्टही भातासारखीच आहे. कुणाचा टोप नीट शिजला, कुणाचा कच्चा राहिला, कुणाचा शिळा झाला आणि कुणाचा बुडाला लागला. सगळं सांगतो."

*

आधी नीट शिजलेला टोप.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगत असायचे. शेवाळ्याचे कण, इवले इवले प्राणी. ऊन खायचं, वाढायचं, दोन-चार दिवसांत मरायचं, हा त्यांचा क्रम. मेले की पावसासारखे तळाशी पडायचे. बहुतेक कुजून संपायचे, पण जिथं तळच्या चिखलात प्राणवायू नव्हता तिथं ते कुजले नाहीत. वर नव्या गाळाचा थर, त्यावर आणखी थर. असं दाबत दाबत त्या चिखलाचा दगड झाला आणि त्या जीवांचा मेणचट काळा अंश दगडात अडकून राहिला. त्याला केरोजेन म्हणतात. हे आपले तांदूळ.

"मग चूल कुठली?" धाकटी म्हणाली.

चूल पृथ्वीच्या पोटातली. जमिनीत किलोमीटरभर खाली गेलं की साधारण पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते. दोन ते चार किलोमीटर खाली पोचलेला दगड साठ ते एकशेवीस अंशांपर्यंत तापतो, आणि तेवढ्यात केरोजेनचं तेल होतं. आता गंमत बघा. पाणी उकळतं शंभर अंशाला. म्हणजे निसर्गानं तेल शिजवलं ते आजीच्या भाताइतक्याच आचेवर! फरक वेळेचा. आजीला वीस मिनिटं लागतात, निसर्गानं लाखो, कोट्यवधी वर्षं टोप उतरवलाच नाही.

तेल तयार झालं की ते हलकं असल्यामुळे दगडाच्या छिद्रांतून वर वर सरकतं. वाटेत एखादा घट्ट, छिद्रं नसलेला थर आडवा आला तर त्याच्याखाली साठतं. तो थर म्हणजे झाकण. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडीत असाच एक टोप झाकण लावून ठेवलेला होता. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या समुद्रात उभ्या राहणाऱ्या खोदकाम-मंचानं तिथं भोक पाडलं आणि तेल लागलं. तेच मुंबई हाय.

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल अडवून धरलं होतं आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेला होता. रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना ती समुद्रातली बातमी म्हणजे घरात लग्न ठरल्यासारखी वाटली. दोन वर्षांनी तेल येऊ लागलं. पण आपली भूक त्या टोपापेक्षा कितीतरी वेगानं वाढली.

नीट शिजलेले, झाकण लागलेले टोप जगात मोजकेच, आणि तेही काही देशांच्याच परसात. बाकीच्यांनी मग उरलेल्या भातांकडे बघायला सुरुवात केली.

*

पहिला भात, अर्धा कच्चा. तुमच्या चिमटीतल्या शितासारखा.

काही ठिकाणी केरोजेन दगडात आहे, पण तो दगड पुरेसा खोल गेलाच नाही. चुलीपर्यंत पोचायच्या आधीच टोप उतरला. अमेरिकेत कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी मोठमोठी तळी होती. त्यांच्या गाळाचा असा दगड तिथं डोंगरच्या डोंगर आहे. त्याला म्हणतात ऑईल शेल. तिकडं एक दंतकथा सांगतात. एका वसाहतकऱ्यानं नवं घर बांधलं, आसपासचे सुबक काळपट दगड आणून शेकोटीचं धुराडं रचलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि शेकोटी पेटवली. थोड्या वेळानं लाकडाबरोबर धुराडंही पेटलं आणि घर जळून गेलं!

पोरं हसली. आजीनं चुलीचे दगड निरखून पाहिले.

हा दगड खणून, फोडून, भट्टीत सुमारे पाचशे अंशांना तापवला की केरोजेनचं तेल होऊन वाफेनं बाहेर येतं. स्कॉटलंडच्या जेम्स यंग या रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये दगडी कोळशापासून दिव्याचं तेल आणि मेण काढण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच रीतीनं तिथल्या शेलचंही तेल होऊ लागलं. तो धंदा १९६२ पर्यंत चालला. जळालेल्या दगडाचे तांबडे ढीग एडिनबराच्या पश्चिमेला अजून टेकड्यांसारखे उभे आहेत. एस्टोनिया या छोट्या देशानं तर आपली बरीचशी वीज वर्षानुवर्षं असा दगड जाळूनच बनवली.

पण पाचशे अंश हा आकडा लक्षात ठेवा. निसर्गानं शंभर अंशांत केलं ते आपण पाचशे अंशांत करतो. का? कारण आपल्याला कोट्यवधी वर्षं थांबायचं नाही. वेळ वाचवला की तेवढा जाळ वाढतो.

अमेरिकेला हा हिशेब महागात पडला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकलं. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सरकारनं १९८० मध्ये कृत्रिम इंधनासाठी खास महामंडळ काढलं आणि १९८७ पर्यंत रोज पाच लाख पिंपं बनवायचं ठरवलं. कोलोरॅडोत डोंगर फोडायला कामगारांच्या वसाहती उठल्या. पण तेलाचा भाव उतरू लागला. २ मे १९८२ च्या रविवारी एक्झॉन या बड्या कंपनीनं प्रकल्प बंद केल्याचं जाहीर केलं आणि दोन हजारांहून जास्त माणसांचं काम एका दिवसात गेलं. तिथली माणसं त्या दिवसाला आजही काळा रविवार म्हणतात. महामंडळही १९८६ मध्ये गुंडाळलं गेलं. विहिरींतलं तेल स्वस्त असेपर्यंत दगड भाजून काढलेलं तेल कुणी घेत नाही, आणि ते महागलं म्हणून भट्ट्या बांधाव्यात तर बांधून होईपर्यंत भाव पुन्हा खाली येतो.

*

दुसरा भात, शिळा.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नावाची नदी आहे. तिच्या काठावर उन्हाळ्यात डांबराचा वास सुटतो आणि दरडींतून काळं, चिकट काहीतरी ओघळतं. तिथले मूळ रहिवासी क्री लोक ते झाडाच्या डिंकात कालवून होड्यांच्या भेगा बुजवायचे.

इथं भात नीट शिजला होता. तेल तयार होऊन वर सरकत आलं, पण वाटेत झाकण भेटलं नाही. जमिनीलगतच्या वाळूत येऊन ते पसरलं. उघडा टोप म्हटल्यावर त्यावर कोण बसणार? जिवाणू! लाखो वर्षं त्यांनी तेलातला हलका, पातळ भाग खाल्ला आणि जड, चिकट डांबर तेवढं मागं ठेवलं. शंभर किलो वाळूत दहा-बारा किलो डांबर, अशी ती तैलवाळू.

वाळूतून डांबर वेगळं कसं करायचं? कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात एडमंटनच्या विद्यापीठात यावर डोकं चालवलं. त्याची युक्ती आजीला लगेच पटेल, कारण ती भांडी घासण्यातलीच आहे. वाळू गरम पाण्यात आणि थोड्या कॉस्टिक सोड्यात घुसळली की डांबर सुटून फेसाबरोबर वर तरंगतं आणि वाळू तळाशी बसते. त्याच्या युक्तीवर उभा राहिलेला पहिला मोठा कारखाना १९६७ मध्ये फोर्ट मॅकमरी गावाजवळ सुरू झाला. क्लार्क काही महिने आधीच, १९६६ च्या डिसेंबरात वारला होता.

आज तिथं सुमारे १६५ अब्ज पिंपं काढता येतील असं मानतात. पण एक पिंप, म्हणजे १५९ लिटर तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. फार खोलच्या वाळूला खणता येत नाही, तिथं नळ्या घालून वाफ सोडतात आणि डांबर पातळ करून ओढून घेतात. वाफेसाठी पुन्हा गॅस जाळायचा. वरच्या खाणींत तर धुऊन उरलेलं गढूळ, विषारी पाणी साठवायला तळ्यांएवढे खड्डे करावे लागतात. २००८ च्या वसंतात अशा एका तळ्यावर रानबदकांचा थवा उतरला आणि सोळाशेच्या आसपास बदकं मेली. त्यांना वाटलं असेल, पाणी आहे.

धाकटी गप्प झाली. मी गोष्ट पुढे नेली.

*

"तिसरा भात कुठला?" थोरल्याला घाई झाली होती.

तिसरी खरवड. बुडाला लागलेला भात. तुम्ही टोप खरवडून खाता ना, तीच.

सगळंच तेल वर सरकत नाही. बरंचसं जिथं शिजलं त्याच घट्ट दगडात चिकटून राहतं. भात झालेला आहे, पण टोपाला चिकटलेला. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जॉर्ज मिशेल या उद्योजकानं असला दगड खरवडायचा ध्यास घेतला. जवळजवळ दोन दशकं त्याची माणसं निरनिराळे प्रयोग करत राहिली आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी जमलं. पुढे ही रीत अशी ठरली: भोक आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली न्यायचं, मग दगडाच्या थरातून आडवं वळवायचं, आणि त्यातून वाळू मिसळलेलं पाणी एवढ्या जोरानं मारायचं की दगडाला केसासारख्या भेगा पडतात. काही पाणी परत येतं, वाळूचे कण मात्र भेगांत पाचरीसारखे अडकून राहतात आणि भेगा मिटू देत नाहीत. त्यांतून आधी गॅस, आणि पुढे इतर ठिकाणी तेलही झिरपू लागलं. याच खरवडीवर अमेरिका २०१८ मध्ये जगातला सर्वांत मोठा तेल काढणारा देश झाली.

मात्र खरवड ती खरवड. नीट टोपातलं तेल वर्षानुवर्षं येत राहतं, या विहिरीची धार पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त उतरते. म्हणून नवीन विहीर, पुन्हा नवीन विहीर, आणि प्रत्येकीला लाखो लिटर पाणी.

*

तेवढ्यात आजी म्हणाली, "आणि ज्यांच्या घरात तांदूळच नाहीत त्यांनी काय करायचं?"

त्यांनी कालच्या पोळ्यांचे लाडू करायचे! शिळी पोळी कुस्करायची, गूळ-तूप घालायचं नि वळायचं. जर्मनीनं तेच केलं. तिच्याकडे तेल नव्हतं, दगडी कोळसा मात्र डोंगराएवढा. कोळसा हा निराळ्या टोपातला पदार्थ, दलदलीतल्या झाडांचा. १९२५ मध्ये रूर नदीकाठच्या म्युल्हाइम गावच्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी तो कुस्करला. कसा? कोळशावर हजार अंशांच्या आसपास वाफ आणि थोडाच प्राणवायू सोडला की त्याचा पार भुगा होऊन दोन वायू उरतात: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. हा कुस्करा. मग तो लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या भुकटीवरून न्यायचा. ती भुकटी म्हणजे लाडू वळणारा हात. कार्बनचे कण एकमेकांना चिकटतात. तीन-चार कणांचा लाडू म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, त्याहून मोठा पेट्रोल, आणखी मोठा डिझेल, खूपच मोठा झाला तर मेण.

त्याच्याही आधी फ्रीडरिश बर्गियस यांनी प्रचंड दाबाखाली कोळशात हायड्रोजन कोंबून तेल करायची वेगळी रीत काढली होती. त्यांना १९३१ मध्ये कार्ल बॉश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचं बहुतेक पेट्रोल कोळशातून आलं, मुख्यतः बर्गियसच्या रीतीनं. दोस्त राष्ट्रांनी ते ओळखलं. १२ मे १९४४ पासून त्यांच्या बॉम्बफेकी विमानांनी हे कारखाने गाठायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत जर्मनीकडे विमानं होती पण उडायला इंधन नव्हतं.

त्याच युद्धात आपल्याकडेही पेट्रोलचं रेशन झालं होतं. माझे वडील सांगायचे, सर्व्हिस मोटारीच्या मागं पिंपासारखी भट्टी बसवलेली असायची. क्लिनर पहाटे उठून लाकडी कोळसा पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवून वारा द्यायचा. बऱ्याच वेळानं मोटार खोकत सुरू व्हायची, आणि घाट आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. भट्टीतल्या कोळशाला हवा कमी पडली की तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. कुस्करा तोच, लाडू मात्र वळलेला नाही.

लाडू सर्वांत जास्त वळले ते दक्षिण आफ्रिकेनं. तिथं कोळसा उदंड, तेल नाही. १९५० मध्ये सासोल ही कंपनी निघाली आणि १९५५ मध्ये कोळशाचं पेट्रोल वाहू लागलं. वर्णद्वेषाच्या धोरणामुळं जगानं त्या देशाची कोंडी करायला सुरुवात केली होती, तेल मिळायचं ते बहुतेक इराणचं. १९७९ मध्ये तेही थांबलं. सेकुंडा गावी एक अवाढव्य कारखाना आधीच उभा राहत होता, मग शेजारी तसाच दुसरा उभा राहिला. ते आजही चालू आहेत, आणि पृथ्वीवर एकाच जागेतून हवेत सर्वांत जास्त कार्बन सोडणाऱ्या ठिकाणांत सेकुंडाचं नाव सर्वांत आधी घेतात. कोळशातली साधारण निम्मी ऊर्जा तर कुस्करण्यात आणि वळण्यातच संपते.

भारताजवळही कोळसा आहे, आणि २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचा असा वायू करायचं सरकारनं ठरवलं आहे. पण आपल्या कोळशात राख फार, शंभरात तीस-चाळीस भाग. पोळीत खडेच जास्त असले तर कुस्करणाऱ्याचे हात सोलतात.

आता काही जण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे लाडू वळू पाहताहेत. चिलीच्या दक्षिण टोकाला, जिथं वारा कधी थांबत नाही, तिथं २०२२ मध्ये पवनचक्कीच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून पेट्रोल बनवणारा एक लहान कारखाना सुरू झाला. धूर नव्यानं वाढत नाही, खरं. पण त्या विजेचा पाचवा हिस्साही मोटारीच्या चाकापर्यंत पोचत नाही.

"आणि उसाचं इथेनॉल?" थोरला म्हणाला. "पेट्रोल पंपावर लिहिलेलं असतं."

बरोबर. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आपण मिसळू लागलोय, त्यातलं काही आपल्याच महाराष्ट्रातल्या उसाचं. तो ताजा भात. कोट्यवधी वर्षांचं ऊन नाही, वर्ष-दीड वर्षाचं. पण उसाला पाणी किती लागतं ते मराठवाड्यातल्या माणसाला विचार.

*

चुलीवरचा टोप आता खदखदत नव्हता, नुसती वाफ सोडत होता. आजीनं झाकणावर दोन निखारे ठेवले.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कुठलाही भात फुकट नाही."

फुकट होता तो निसर्गानं दिलेला वेळ. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जेफ्री ड्यूक्स या शास्त्रज्ञानं २००३ मध्ये हिशेब मांडला. समुद्रात पडलेल्या जिवांपैकी किती कुजून गेले, किती गाळात उरले, किती शिजले, किती आपल्या हाती लागले, असं मागं मागं जात गेला. उत्तर आलं, एक लिटर पेट्रोलमागं सुमारे तेवीस टन प्राचीन जीव. दोन ट्रक भरून. ते शिजवायला लागलेल्या जाळाचं बिल आपल्याला कुणी पाठवलं नाही, म्हणून पेट्रोल स्वस्त वाटलं. दगड भाजा, वाळू धुवा, भेगा पाडा, कोळसा कुस्करा, हे सगळं करता येतं आणि अडचणीत सापडलेल्या देशांनी ते करून दाखवलं आहे. फक्त निसर्गानं वेळ देऊन केलेलं काम आपण जाळ, पाणी आणि पैसा देऊन करतो.

आजीनं झाकण काढलं. शीत न् शीत सुटं झालेलं. पानं वाढता वाढता ती म्हणाली, "तेवढं कशाला शिकवायला लागतं? मी रोज तांदूळ अर्धा तास आधी भिजत घालते. आज हे म्हणाले, पोरांना भूक लागलीय, लवकर कर. म्हणून तसेच टाकले. भिजवलेले असते तर गॅस संपायच्या आधी भात झाला असता."

मी पानावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता तांदूळ भिजत घालायचं काम माझ्याकडे आहे. भिजलेल्या तांदळाला जाळ कमी लागतो. हवं तर आज घरी करून बघा.